सूर्य-चंद्राचं अंडं

अंडं बोललं तेव्हा हॉलमध्ये दीडशे माणसं तरी होती आणि त्यांतलं एकही खोकत नव्हतं.

आवाज बारीकच होता, पण मायक्रोफोन अंड्याच्या इतका जवळ आणला होता की मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांनाही तो ऐकू गेला. "चिक्." थोडं थांबून पुन्हा, "चिक्, चिक्." पुढच्या रांगेतल्या एका बाईला हुंदका फुटला, मग तिच्या मागच्या बाईला. पुढच्याच रांगेत माझ्या डाव्या हाताला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही सही पडताळल्याशिवाय पुढे सोडली नसेल. तेही चष्मा काढून डोळे पुसत होते.

हा हॉल म्हणजे फर्निचरचं बंद पडलेलं दुकान. शटर अर्धं खाली, भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे पांढरं कापड घातलेलं टेबल. टेबलावर एक लाकडी पेटी, एक स्टीलची थाळी आणि हा मायक्रोफोन. मागच्या फळीवर काचेच्या चौदा बरण्या. प्रत्येक बरणीत काठोकाठ पाणी, पाण्यात एकेक मोठं ठिपक्याठिपक्यांचं अंडं आणि झाकणावर गेलेल्या माणसाचं नाव. टेबलामागे उभे होते ते हाकवाले.

गेलेल्या माणसाला हाक मारून बोलवतात, म्हणून हाकवाले. बुवाबाजी करणारा माणूस दाढीजटा वाढवून बसतो, असं वाटत असेल तर तुम्ही फार मागे राहिलात. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, चष्मा, खिशाला दोन पेनं. विमा विकायला घरी येतो तो माणूस आठवा, डिट्टो तसा.

"मी कोण?" ते मध घोळवलेल्या आवाजात विचारत होते. "मी कुणी नाही. मी फक्त दार उघडतो. शरीर जातं, मंडळी, पण आपण मारलेली हाक कुठे जाते? ती फिरत राहते. तिला घर लागतं. आणि जगातलं सगळ्यात स्वच्छ घर कुठलं? ज्याला दार नाही, खिडकी नाही, ज्यात जगातलं पाप शिरत नाही..." असं म्हणून त्यांनी अंडं दोन बोटांत धरून दिव्यासमोर उंच केलं. लोकांनी श्वास रोखले.

मी मात्र पेटीकडे बघत होतो. थोड्या थोड्या वेळाने तिच्यातून बारीक 'टक्' असा आवाज येत होता. चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतो. कुठेही टक् झालं की माझे कान टवकारतात. हे टक् काही घड्याळाचं नव्हतं. इस्त्री तापली की आपोआप बंद होते ना, तेव्हा जो आवाज येतो, तसला होता. आत्मे उतरणाऱ्या पेटीला इस्त्रीचा आवाज कशाला हवा, हे मला कळेना.

मी तिथे हौसेने गेलो नव्हतो. माझ्या उजव्या हाताला सूनबाई बसली होती, तिच्यासाठी गेलो होतो. सूनबाई म्हणजे माझ्या आक्काची सून. आक्का माझी थोरली बहीण, गल्लीत माझ्या दुकानासमोरच राहते. तिचा मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. सूनबाई शिवणकारखान्यात कामाला. घरात राहायच्या त्या तिघी, आक्का, सूनबाई आणि नात.

नातीला मी 'किल्ली' म्हणायचो. सहा वर्षांची होती. शाळा सुटली की माझ्या दुकानात यायची आणि भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांना स्टुलावर चढून किल्ली द्यायची. एकाला जास्त, एकाला कमी. त्यामुळे माझ्या दुकानात कधीच दोन घड्याळं एक वेळ दाखवत नसत. गिऱ्हाईक हसायचं आणि मी म्हणायचो, बाईसाहेबांचा कारभार आहे. अडीच महिन्यांपूर्वी दोन दिवसांच्या तापात ती गेली. ताप डोक्यात गेला होता. आता माझ्या दुकानातली सगळी घड्याळं बरोबर वेळ दाखवतात आणि मला ते बघवत नाही.

तेव्हापासून सूनबाई जेवल्यासारखं करायची, बोलायची नाही. मग कारखान्यातल्या कुणीतरी तिला या हॉलचा पत्ता दिला. दोन आठवडे ती दुसऱ्यांच्या हाका ऐकत मागे बसली. आज तिची पाळी होती. आक्काने मला म्हटलं, "तू जा तिच्यासोबत. एकटीला सोडू नकोस." म्हणून मी गेलो.

हाकवाल्यांनी अंडं दिव्यासमोर धरलं आणि सूनबाई खुर्चीतून उठली.

"मामा, बघा," ती म्हणाली. "त्याच्यावर बघा."

अंड्याच्या कवचावर पेन्सिलीची पुसट रेघ होती. कुणीतरी पुसायचा प्रयत्न केला होता, पण नीट पुसली गेली नव्हती. एका बाजूला छोटं वर्तुळ आणि त्याला सगळीकडून काड्यांसारखी किरणं. हाकवाल्यांनी अंडं फिरवलं. दुसऱ्या बाजूला चंद्रकोर, आणि कोरीच्या पोटात एक टिंब.

मीही खुर्चीतून अर्धा उठलो, खोटं कशाला बोलू? हा सूर्य आणि हा चंद्र किल्लीचा होता. तिच्या वहीवर, घराच्या भिंतीवर, माझ्या दुकानाच्या काउंटरवर, जिथे पेन्सिल पोचेल तिथे ती हाच सूर्य आणि हाच चंद्र काढायची. चंद्राला टिंब का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, "झोपलाय, पण एक डोळा उघडाय."

हाकवाल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. अर्धवट पुसलेली ती रेघ त्यांना अडचणीत आणणार होती. पण गडी तयारीचा. एका क्षणात त्यांनी सूनबाईच्या चेहऱ्यावरून सगळं वाचलं. "खूण आहे!" ते गरजले. "बघा मंडळी, मी म्हटलं नव्हतं? खूण ठेवून आली आहे. ओळखलंत ताई?"

"माझी मुलगी आहे," सूनबाई म्हणाली. मग ती धावतच टेबलाजवळ गेली.

त्यांनी अंडं तिच्या ओंजळीत दिलं. ते चिक् चिक् करत होतं, ते तिच्या हातात हळूहळू शांत झालं. "आईचा हात ओळखला," हाकवाले म्हणाले. त्यावर हॉलमध्ये डोळा कोरडा असलेला मी एकटाच असेन, आणि माझाही फार कोरडा नव्हता.

मग प्रश्न सुरू झाले. हो असेल तर बोल, नाही असेल तर गप्प राहा. तू सुखात आहेस का बाळा? असं विचारून हाकवाल्यांनी अंडं थाळीत ठेवलं आणि हाकेचं घर, घराचं दार वगैरे बोलत राहिले. मी सवयीने मनगटाकडे बघितलं. दीड मिनिट, पावणेदोन मिनिटं. "चिक्." हो, सुखात आहे. बाबांचा राग आहे का? अंडं त्यांच्या बंद मुठीत होतं. गप्प. नाही, राग नाही.

"तुला वाचवता आलं असतं का बाळा?" पुन्हा थाळी, पुन्हा तेच घोळवणं, पुन्हा पावणेदोन मिनिटं. "चिक्, चिक्."

सूनबाईने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"कुणी उशीर केला? डॉक्टरांनी?" मूठ. गप्प. "आईने?" मूठ. गप्प. "घरातल्या दुसऱ्या कुणी? वडीलधाऱ्या माणसाने?" थाळी. आणि मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "जी म्हणाली, उद्या बघू, तिने?"

चिक्, चिक्, चिक्.

हे त्यांना कसं कळलं, असं तुम्ही विचाराल. मीही स्वतःला विचारलं, पण बाहेर आल्यावर. शटरपाशी एक बाई टेबल घेऊन बसली होती आणि येणाऱ्याकडून दोन पानी फॉर्म भरून घेत होती. शेवटच्या दिवसांबद्दल मनात जे असेल ते मोकळेपणाने लिहा, असं त्यात छापलेलं होतं. सूनबाईने मोकळेपणाने लिहिलं होतं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं पुन्हा कानावर आलं की माणूस त्याला साक्षात्कार म्हणतो.

"उद्या चार वाजता निरोप," हाकवाले शेवटी म्हणाले. "हाक फार दिवस अडवून ठेवायची नसते. तिला पाण्यात झोपवायचं. बरणी इथे राहील, तुम्ही येऊन बसत जा." आणि मागच्या चौदा बरण्यांकडे त्यांनी हात केला.

घरी येताना सूनबाई इतकंच म्हणाली, "निरोप झाला की मी माहेरी जाते, मामा. त्या बाईच्या घरात मला राहायचं नाही." सात वर्षं ती आक्काला आई म्हणत होती. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती 'त्या बाईच्या' म्हणाली.

आक्का मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिच्याकडे पंचवीस-तीस कोंबड्या, काही बदकं आणि गेली दहा-बारा वर्षं टर्की. टर्कीच्या माद्या अंगाने जड, कधी कधी अंड्यांवर बसताना अंडी फोडतात. म्हणून आक्का त्यांची अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवते, उरलेली बल्बच्या उबेच्या पेटीत. अठ्ठावीस दिवसांनी पिल्लू. सूनबाईला पिसांची अ‍ॅलर्जी. शेडच्या दारात पाऊल टाकलं की शिंकांवर शिंका. त्यामुळे सात वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती. शेड आक्काचं आणि किल्लीचं. आणि मी? समोर राहून मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मला अंडं ठाऊक ते ताटातलं.

मी आक्काला सगळं सांगितलं. सूनबाई काय म्हणाली तेही लपवलं नाही. ती दाणे टाकत राहिली. सूर्य-चंद्राचं सांगितलं तेव्हा मात्र तिचा हात हवेतच थांबला.

"अंडं केवढं होतं?"

"मोठं. कोंबडीच्या दीडपट. ठिपक्यांचं."

"गरम होतं?"

"मी कशाला हात लावतोय! त्या पेटीत होतं. पेटी टक् टक् करते."

तिने हातातले दाणे एप्रनमध्ये परत टाकले. मग तिने विचारलं, "आज जेवली का ती?"

"हो," मला कबूल करावं लागलं. "आल्यावर स्वतःहून वाढून घेतलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा."

"मग राहू दे."

"राहू दे?" माझा पारा चढला. "आक्का, तुझी सून तुला नातीची खुनी म्हणतेय. एका अंड्याच्या सांगण्यावरून!"

"म्हणू दे. मीच म्हणाले होते ना." ती खाली बसली. "संध्याकाळी ताप होता. मी म्हटलं, सकाळी नेऊ. अंगावर गार पट्ट्या ठेवल्या. सकाळी तिला उठवलं तर मान वळेना. अंड्याने काय नवीन सांगितलं? ते मी रोज सांगते स्वतःला."

डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं होतं. हा ताप असा आहे की आदल्या संध्याकाळी आणलं असतं तरी बहुधा हेच झालं असतं, असं ते म्हणाले होते. आक्काने त्यातला 'बहुधा' तेवढा लक्षात ठेवला होता. मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी वायफळ बोलतो. मी म्हणालो, "बरं, मग उद्या चार वाजता बुडवतील एकदाचं ते अंडं पाण्यात, आणि सुटेल सगळं."

"पाण्यात?" आक्का म्हणाली.

"बरणीत पाणी भरतात, अंडं सोडतात, झाकण लावतात. मग आवाज बंद होतो. लोक म्हणतात, शांत झोपला जीव. चौदा बरण्या आहेत मागे."

आक्का उठून उभी राहिली. एप्रनमधले दाणे सगळे जमिनीवर सांडले, कोंबड्या तुटून पडल्या, तिचं लक्ष नव्हतं. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, किल्ली गेली तेव्हाही नाही.

"चौदा," ती म्हणाली. "किती वाजता म्हणालास?"

"चारला."

"मी येते."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गर्दी दुप्पट. खूण असलेलं अंडं आलंय, ही बातमी गावभर झाली होती. आक्का कामाच्या एप्रनमध्येच आली. फॉर्मवाल्या बाईने तिला बघितलं आणि मान खाली घालून कागद नीट लावायला घेतले. आक्का तिच्यासमोर एक क्षण थांबली, मग आत आली.

टेबलावर पाण्याने भरलेली पंधरावी बरणी तयार होती. सूनबाई अंडं ओंजळीत घेऊन उभी होती. हाकवाले म्हणत होते, "आता हळूच सोडा ताई. रडू नका. तिला त्रास होतो."

"थांब पोरी," आक्का म्हणाली.

सूनबाईने वळून बघितलं. "तुम्ही इथे का आलात?"

"माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मला काय म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन. पण ते पाण्यात सोडू नकोस. जिवंत आहे ते."

"जिवंतच आहे, आजी," हाकवाले हसून म्हणाले. "तेच तर मी सांगतोय."

"तू गप्प बस," आक्का त्यांना म्हणाली. अशा साध्या शब्दांत त्यांना गप्प बसवणारं कुणी बहुधा भेटलं नव्हतं. ते खरंच गप्प बसले. "सत्ताविसावा दिवस आहे आज. आत टर्कीचं पिल्लू आहे. अंड्याच्या बोथट टोकाला हवा असते. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिल्लू त्या हवेत चोच घालतं आणि श्वास घ्यायला लागतं. तेव्हापासून त्याला आवाज फुटतो. प्रत्येक अंड्यात फुटतो. गार लागलं की ओरडतं, ऊब मिळाली की गप्प होतं. चाळीस वर्षं मी अंडी कानाला लावतेय." तिने सूनबाईपुढे हात केला. "दे. मोडणार नाही मी."

सूनबाईने अंडं दिलं नाही, पण पाण्यात सोडलंही नाही. तेव्हा मी पुढे झालो. काल रात्रीपासून माझ्या डोक्यात ते पावणेदोन मिनिटांचं गणित फिरत होतं. आता माझ्या हाती त्याची किल्ली आली होती.

"सूनबाई, दोन मिनिटं थाळीत ठेव," मी म्हणालो. "फक्त दोन मिनिटं. मग तू म्हणशील ते."

तिने ठेवलं. मी मायक्रोफोन ओढला आणि अगदी हाकवाल्यांच्या आवाजात सुरू केलं, "हाकेला घर लागतं, मंडळी. दार नाही, खिडकी नाही, आणि भाडंही नाही..." मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी मनगटाकडे बघत बोलत राहिलो. दीड मिनिट झालं. "आता सांग बाळा, हे टेबलामागचे गृहस्थ खोटं बोलतात का?"

चिक्, चिक्, चिक्.

मी अंडं उचलून मुठीत धरलं. हाताला त्याची हालचाल लागली. अर्धं मिनिट थांबलो. "आणि मी खोटं बोलतो का?"

गप्प.

हॉल हसला. मोठ्याने हसला. एवढ्या दिवसांत त्या भिंतींनी हसू ऐकलं नसेल. मी अंडं सूनबाईच्या हातात दिलं आणि टेबलावरची पेटी उलटी केली. तिच्या बुडाशी एक बल्ब आणि उष्णता कमी-जास्त झाली की त्याला चालू-बंद करणारं एक छोटं यंत्र होतं. टक्. आक्काच्या शेडमध्ये तसंच एक आहे. मी खुशीत येऊन आणखी काहीतरी बोलणार होतो, पण सूनबाईकडे बघितलं आणि माझी जीभ आत गेली. ती हसत नव्हती.

"पण सूर्य?" ती म्हणाली. "चंद्र? तो तिच्याशिवाय कुणी काढत नाही. चंद्राला डोळा कुणी काढत नाही."

आक्काने एप्रनच्या खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर एक वर्तुळ काढलं, त्याला किरणं. शेजारी चंद्रकोर काढली आणि तिच्या पोटात एक टिंब दिलं.

"अंडी रोज उलटायची असतात," ती म्हणाली. "कुठली बाजू वर आहे ते कळायला दोन खुणा करतात, फुली आणि गोल. किल्ली म्हणाली, आजी, फुली म्हणजे चुकलं. अंड्याचं काय चुकलं? म्हणून ती सूर्य आणि चंद्र काढायची. ती गेल्यावर मी फुली काढायला घेतली, पण मला जमेना. मग मीच तिचे सूर्य-चंद्र काढत बसले. मी काढले आहेत, पोरी. तिने नाही."

मग तिने शटरपाशी बसलेल्या बाईकडे बोट केलं. "ती येते माझ्याकडे. चोविसाव्या दिवसाची अंडी मागते. म्हणते, शाळेतल्या मुलांना पिल्लू निघताना दाखवायचंय. मी म्हटलं, मुलं बघतील. मी चांगली चांगली निवडून दिली."

ती फळीकडे वळली. चौदा बरण्या. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाची आई. पुसट ठिपक्यांची चौदा अंडी झाकणांखाली दाबलेली. "ही सगळी ओरडत होती," आक्का म्हणाली. "शांत नाही झाली. बुडाली."

हाकवाले मागच्या दाराने केव्हा गेले, ते कुणाला कळलंच नाही. फॉर्मवाली बाईही नव्हती. पहिल्या रांगेतली एक बाई उठली, तिने फळीवरून एक बरणी उचलली आणि पोटाशी धरली. जाता जाता ती माझ्यासमोर थांबली. "रोज इथे येऊन नवऱ्याशेजारी बसायचे मी," ती म्हणाली. "तुमचं काय जात होतं?" मी बाजूला होऊन तिला वाट दिली. याचं उत्तर अजूनही मला नीट देता येत नाही.

सूनबाई अंडं हातात धरून तशीच उभी होती. "मग ती कुठे आहे, आई?" तिने विचारलं. ती पुन्हा आई म्हणाली, हे तिच्या लक्षातही आलं नसेल.

आक्काला खोटं बोलता आलं असतं. तिथल्या प्रत्येकाला ते आवडलं असतं. ती म्हणाली, "नाही गं ती. कुठेच नाही आता."

सूनबाई मटकन खाली बसली. अडीच महिन्यांपूर्वी ती रडली नव्हती, ते सगळं त्या फरशीवर बसून रडली. आक्का शेजारी बसली, पण तिला हात लावायची तिची छाती झाली नाही. तेवढ्यात सूनबाईच्या हातात काहीतरी कडकलं. अंड्याच्या बोथट टोकाजवळ कवच फुगलं होतं आणि त्याला बारीक चीर गेली होती. चिरेतून चोचीचं टोक दिसत होतं.

घरी येईपर्यंत ते आक्काने लोकरीत गुंडाळून छातीशी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ते पेटीत बाहेर आलं. ओलं, मरगळलेलं, मान उचलवत नव्हती. त्याच खेपेची आणखी पाच अंडी आक्काने घरी ठेवली होती, तीही त्याच सकाळी फुटली. त्यांच्यावरही सूर्य-चंद्र होते. त्यांतलं एकही किल्ली नव्हतं. सहाही टर्की होती.

दोन दिवस सूनबाई खोलीतून बाहेर आली नाही. माहेरी जायची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. तिसऱ्या दिवशी मी आक्काबरोबर शेडमध्ये होतो. कोंबडीची पिल्लं निघाल्याबरोबर दाणे टिपायला लागतात. टर्कीच्या पिल्लांना तेही शिकवावं लागतं, नाहीतर दाण्यांच्या ढिगात उभी राहून ती उपाशी मरतात. शिकवायचं म्हणजे काय, तर दाण्यांत बोटाने टकटक करायचं. त्यांना वाटतं आईची चोच आहे. हे काम किल्लीचं होतं. आता आक्का ते करत होती, पण सांधेदुखीने तिचं बोट चालत नव्हतं.

दारातून शिंक ऐकू आली. मग दुसरी, मग तिसरी. सूनबाई नाकाला रुमाल बांधून उभी होती.

"त्या संध्याकाळी नेलं असतं तर?" तिने रुमालातूनच विचारलं.

"मला माहीत नाही," आक्का म्हणाली. "डॉक्टर म्हणतात फरक पडला नसता. मला माहीत नाही, पोरी. खरंच नाही."

"तुम्ही म्हणालात, सकाळी नेऊ," सूनबाई म्हणाली. "मी हो म्हटलं. मी तिची आई होते आणि मी हो म्हटलं. फॉर्ममध्ये मी तुमचं लिहिलं, माझं नाही लिहिलं." ती पुन्हा शिंकली आणि शिंकता शिंकताच रडायला लागली. "मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं निघालं तर मला झोप लागेल."

आक्काने या वेळी हात लावला. दोघी कितीतरी वेळ तशाच होत्या. पिल्लं दाण्यांत उभी राहून चिवचिवत होती, एकही दाण्याला तोंड लावत नव्हतं. मग सूनबाई खाली बसली, डोळे पुसले आणि दाण्यांत बोट टकटक करू लागली. ते चिरेतून निघालेलं पिल्लू आधी आलं, तिच्या बोटाकडे मान वाकडी करून बघितलं आणि बोटाशेजारचा दाणा उचलला.

ती बॅग पुढे आठवडाभर दाराशीच होती, मग कुणीतरी उचलून माळ्यावर टाकली. हाकवाले आमच्या गावातून गेले, म्हणजे आता दुसऱ्या कुठल्या गावात असतील. अंडं नाहीतर दुसरं काही घेऊन असतील. त्यांच्याकडे जाणारी माणसं मूर्ख नसतात. मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही, माझ्या घरातलीच एक गेली होती. ती दुःखात असतात. त्यांना फक्त एक उत्तर हवं असतं, आणि खरं बोलणाऱ्यांकडे पुष्कळदा तेच नसतं. पण एवढं करा. पेटीतून टक् आवाज आला तर पेटी उलटी करून बघा. फॉर्ममध्ये आपण काय लिहिलं होतं ते आठवा. आणि अंडं बोलत असेल तर त्याला पाण्यात घालू नका, ऊब द्या, एक दिवस थांबा. जे आत असेल तेच बाहेर येईल. ते तुमचं माणूस नसेल. पण ते जिवंत असेल, आणि त्याला खायला शिकवायला कुणीतरी लागेल.